रविवारचं पाणी

अप्पा,

पाळकसाहेबांनी माझ्याकडे दोन पानं मागितली. आपल्या ख्रिस्ती मंडळीची स्मरणिका निघणार आहे आणि सुरुवातीच्या दिवसांतलं सगळं आठवणारी आता मी एकटीच उरले, म्हणून स्थापनेचा लेख माझ्या गळ्यात पडला. साहेब तरुण आहेत, पुण्याकडून आलेले, बोलायला गोड. म्हणाले, मावशी, बाकी तुम्हाला हवं तसं लिहा, पण रविवारच्या स्लॅबची साक्ष हवीच, आपल्या मंडळीचा पायाच तो. मी मान हलवली. घरी येऊन कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि मथळा लिहायचा तिथे हातून 'अप्पा' असं लिहिलं गेलं. तो कागद मी बाजूला ठेवला, लेखासाठी दुसरा घेतला. पण हा पहिला कागद टेबलावरून काही हलेना. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. तुम्ही असताना आपण एकाच घरात राहत होतो, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायची वेळच आली नाही, आणि तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. दोन्ही राहून गेलं.

सुरुवात कुठून झाली ते तुम्हाला सांगायला नको, पण मला माझ्यासाठी एकदा सांगू दे. नव्वदीची सुरुवात. आपली मराठी उपासना तेव्हा एका मोठ्या कन्नड चर्चच्या बाजूच्या खोलीत दुपारी दोनला व्हायची, त्यांचं सगळं आटोपल्यावर, खुर्च्यांच्या उतरंडी भिंतीला लावलेल्या असताना. नगर आणि बेळगावकडून आजोबांच्या पिढीत आलेली अकरा घरं. कारखान्यातले कामगार, दोन नर्सबाई, एक छापखान्यातले गृहस्थ. घरात मराठी आणि फाटकाबाहेर कन्नड, अशी माणसं. मग त्या चर्चला ती खोली मुलांच्या वर्गासाठी हवी झाली. त्यांनी आदरानेच सांगितलं, पण सांगितलं. तुम्ही घरी आलात, टोपी खुंटीला लावलीत आणि आईला म्हणालात, पुढच्या रविवारी सगळे आपल्याकडे. राजाजीनगरच्या आपल्या त्या पुढच्या खोलीत चाळीस माणसं मावतात हे मला तेव्हा कळलं. पेटी दिवाणावर, तबला दाराशी, बायका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. तुम्ही खिडकीला पाठ लावून उभे राहायचात, आणि पवित्र शास्त्र वाचायला लागलात की कोणी खोकतसुद्धा नसे. मला तुमचा फार अभिमान वाटायचा. थोडी भीतीही वाटायची, पण ती मी अभिमानातच धरत असे.

तुमचा रविवार म्हणजे रविवार. शनिवारी संध्याकाळी आई दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवायची, कारण रविवारी गॅस पेटवायचा नाही, कांदा चिरायचा नाही, घोट्याला लागलं तरी तेल गरम करायचं नाही. आम्ही थंड भात आणि ताक खायचो आणि तुम्ही म्हणायचात, याच्यासारखी चव नाही. पंचाईत नळाची होती. आपल्या गल्लीत एक दिवसाआड पाणी यायचं आणि बऱ्याचदा ते नेमकं रविवारी सकाळी यायचं. तुमचा नियम असा की स्वतः भरायचं नाही आणि दुसऱ्याकडूनही भरून घ्यायचं नाही. आपण उपासनेला बसलो की शेजारच्या अक्का मागच्या दाराने येऊन आपले हंडे भरून ठेवायच्या. तुम्ही दर सोमवारी भरलेले हंडे बघायचात आणि म्हणायचात, बघा, शनिवारचं पाणी कसं पुरतं. एकदा मला हसू आलं तर आईने माझा दंड धरून मला मोरीत नेलं. म्हणाली, "सांगू नको. त्यांना बरं वाटतं ना, मग झालं." घर असंच चालवायचं असतं, हे मी त्या मोरीत शिकले.

आणि तुम्ही काही अडाणी नव्हतात अप्पा, हीच गोष्ट मला आजपर्यंत सोडत नाही. कारखान्यात तुम्ही तपासणी विभागात होता. केसाच्या जाडीइतका फरक असला तरी तुम्ही लोखंडाचा तुकडा परत पाठवत होता आणि त्यावरून वरिष्ठांशी भांडत होता. जेवताना आम्हाला सांगायचात की धातू खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. असा माणूस शनिवारी संध्याकाळी आपलं मापन आणि आपला संशय दोन्ही कपाटात ठेवून द्यायचा आणि सोमवारी सकाळी परत काढायचा. मी लहानपणी याला श्रद्धा समजत होते. अजूनही तसंच म्हणते, दुसरा शब्द मिळत नाही म्हणून.

मंडळीच्या इमारतीसाठी तीस-चाळीस फुटांची साइट, म्हणजे जागा, मिळाली, भिंती उभ्या राहिल्या आणि छताची वेळ आली तेव्हा मी पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला होते. मेस्त्री कोलारकडचे होते. उंच, हडकुळे, कानावर कायम पेन्सिल. आपल्याबरोबर तोडकंमोडकं मराठी बोलायचे, तुम्हाला अण्णा म्हणायचे. मंडळीतली माणसं शनिवारी मोकळी म्हणून स्लॅब शनिवारी भरायचं ठरलं. सकाळी मेस्त्रींनी नारळ आणि हळदकुंकू आणलं होतं, त्यांच्याकडे छत भरताना पूजा करतात. तुम्ही हात वर करून थांबवलंत. त्यांनी नारळ परत पिशवीत घातला. काम झालं, एप्रिलचं ऊन, सगळे घामाने निथळत खाली उतरले, तेव्हा मेस्त्री म्हणाले की उद्या सकाळपासून दर दोन तासांनी वर पाणी मारायचं, पहिला दिवस फार नाजूक. तुम्ही म्हणालात, उद्या प्रभूचा दिवस आहे. उद्या या जागेवर कोणी काही काम करणार नाही, तुम्हीही नाही. मेस्त्रींनी नारळाची पिशवी खांद्याला लावली.

"नारळ नको म्हणालात, सरी, ठीक," ते म्हणाले. "पण पाणी नको, असं कसं अण्णा?"

तुम्ही शांतपणे सांगितलंत की ज्याचं घर आहे तो त्याला सांभाळील. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. मीही म्हटलं. पण घरी येता येता मला वाटलं, जर ते छत गेलं तर त्याच्याबरोबर तुम्हीही जाल. चाळीस माणसांसमोर तुम्ही देवाला जामीन ठेवलं होतं. माझा देवावर विश्वास होता, अप्पा, पण सिमेंटच्या बाबतीत मेस्त्रींवर जास्त होता.

रविवारी जेवणं झाली आणि तुम्ही झोपलात. तुमची रविवारची झोप दोन तासांची, घड्याळ लावून घ्यावं अशी. मी आईला सांगितलं, मैत्रिणीकडे वचनं पाठ करायला जाते. आईने माझ्या हातातल्या रिकाम्या बादलीकडे बघितलं आणि दार उघडून दिलं. साइट दोन गल्ल्या पलीकडे. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, ऊन इतकं की डोळे उघडवेनात. बांबूच्या शिडीवरून वर गेले तर स्लॅब पांढराफटक पडायला लागला होता आणि पायाखाली गरम लागत होता. खालच्या संपमधून, जमिनीतल्या टाकीतून, बादली भरायची, एका हाताने शिडी धरायची, वर जाऊन ओतायची, परत खाली. लंगा भिजून पायांना चिकटत होता. किती खेपा झाल्या ते मोजलं नाही. केव्हातरी खाली बघितलं तर फाटकाबाहेर मेस्त्री उभे. आत यायचं नाही असं सांगितलं होतं म्हणून ते आत आले नव्हते. पण सुट्टीला गावी जायचं सोडून ते आपल्या छताकडे बघायला आले होते. मी बादली पाठीमागे लपवली. ते नुसते फाटकाला हात टेकून म्हणाले, "स्वल्प स्वल्प घाल, मगा, थोडं थोडं. धार नको, माती उखडते. कोपरे विसरू नको." मी कोपरे विसरले नाही. ते माझं होईपर्यंत तिथेच उन्हात उभे राहिले, आणि मी उतरल्यावर मान डोलावून निघून गेले. त्या दुपारी मला जितका आनंद झाला तितका मला प्रार्थनेत कधी झाला नाही, हे लिहिताना आज लाज वाटते, पण खरं आहे.

माझ्या चपलांच्या तळव्यांना सिमेंटचा थर बसला होता. मी तो दगडावर घासला, पूर्ण निघाला नाही. त्या मी पलंगाखाली सरकवल्या. तुम्ही कधी न विचारता काही आणणारे नव्हतात, वह्यासुद्धा जुनी संपल्याचं दाखवल्याशिवाय मिळत नसत. पण मंगळवारी कारखान्यातून येताना तुम्ही वाकडी वाट करून जयनगरहून माझ्यासाठी नव्या चपला घेऊन आलात. तपकिरी, बक्कल असलेल्या. "जुन्या टाकून दे," एवढंच म्हणालात. आई तव्यावरून मान वर न करता म्हणाली, छान आहेत.

मग छताला खालून टेकू दिलेले नीलगिरीचे वासे निघाले, छत जसंच्या तसं राहिलं, आणि समर्पणाच्या विधीत तुम्ही साक्ष दिलीत. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं, ती साक्ष. आपल्याकडे तिच्यावर शंका घेत नाहीत. एप्रिलच्या उन्हात, पहिल्या दिवशी, माणसाच्या हाताने एक थेंबही पाणी न पडता हा स्लॅब उभा राहिला, असं तुम्ही सांगितलंत. बायका रडल्या. मेस्त्री दाराशी चपला काढून उभे होते, त्यांनी ते ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खाली माझ्या नव्या चपलांकडे बघितलं. त्यांनी पुढे कधी हा विषय काढला नाही, तीन वर्षं तरी.

ती साक्ष वाढत गेली अप्पा. अकरा घरांची तीस झाली, मद्रास रोडकडून, येलहंक्याकडून माणसं यायला लागली, आणि प्रत्येकाला आधी छत दाखवलं जायचं. कोणाला रविवारी ओव्हरटाइम नाकारायची भीती वाटली की तुम्ही वर बोट करायचात. नर्सबाईंपैकी एकीला रविवारची ड्यूटी आली तेव्हा तिने नोकरी सोडली, आणि पुढे तिचे फार हाल झाले. मी बी.कॉम. झाले तेव्हा बँकेची परीक्षा रविवारी आली. माझं प्रवेशपत्र तुम्ही शास्त्राच्या पानांत ठेवून दिलंत, फाडलं नाहीत, पण मला परत मिळालंही नाही. तरी मी गेले. नंबर पाठ होता, ओळखपत्र होतं, एका भल्या बाईंनी बसू दिलं. पुढच्या रविवारी तुम्ही मला मंडळीसमोर उभं केलंत. मंडळीच्या पंचांच्या ओळीतून तुम्ही बोललात, बाप म्हणून बोलला नाहीत. "ज्या प्रभूने पाण्यावाचून दगड धरला, त्याला तुला एक नोकरी देता आली नसती?" वरती माझा स्लॅब होता. माझ्या हातांनी शिडीवरून नेलेलं पाणी त्याच्या पोटात होतं. मी सगळ्यांची क्षमा मागितली आणि खाली बसले, आणि त्या क्षणी मला तुमचा इतका राग आला की माझे कान वाजायला लागले.

त्याच वर्षी दारापुढच्या पोर्चचं काढलंत. रस्त्याच्या बाजूला खांब नकोत, येणाऱ्याला उघडं दार दिसलं पाहिजे, असं तुमचं म्हणणं. म्हणजे सगळा भार भिंतीतून पुढे लोंबणार. मेस्त्री म्हणाले, होईल, पण याला जपावं लागेल. आणि तुम्ही तारीख काढलीत ती उत्तम शुक्रवारच्या आदल्या गुरुवारची. शुक्रवार, शनिवार आणि पुनरुत्थानाचा रविवार, तीन दिवस कोणी हात लावायचा नाही. प्रभू तीन दिवस कबरेत होता तसा हा स्लॅबही राहील, असं तुम्ही सांगितलंत आणि मंडळीत कोणाला काही वावगं वाटलं नाही. मागच्या वेळी एक दिवस निभावला होता, या वेळी तीन. माझं पाणी तुम्हाला असं लागलं होतं. ते मी एक दुपार घातलं आणि तुम्ही त्याच्यावर तीन दिवस उभे केलेत.

बुधवारी संध्याकाळी टायपिंगच्या वर्गाबाहेर मेस्त्री माझी वाट बघत उभे होते. तोवर ते मला मगा, म्हणजे लेकरा, म्हणायचे थांबले होते, अक्का म्हणायचे. कन्नडमध्ये मध्येच मराठी घालून त्यांनी जे सांगितलं त्याचा अर्थ एवढाच होता: मी सांगून ऐकत नाहीत, तू सांग. "अण्णांना खरं सांग, अक्का. मागच्या टायमाला काय झालं ते. ते माणूस हुशार आहेत, एकदा कळलं की ऐकतील." मी म्हटलं, बघते. ते म्हणाले, सांगायला जमलं नाही तर निदान पाणी तरी घाल, मी फाटकाशी येतो. त्यावरही मी म्हटलं, बघते. त्यांनी विश्वास ठेवला. मागच्या अनुभवावरून त्यांनी तो ठेवायलाच हवा होता.

मी सांगितलं नाही. शुक्रवारी उपासना तीन तास चालली आणि बाहेर पडताना मी पोर्चकडे बघितलंही नाही. शनिवारी आई पुनरुत्थानाच्या जेवणाचं करत होती आणि मी तिच्या शेजारी बसून नारळ खवत होते. रविवारी दुपारी तुम्ही झोपलात. आईने मोरीतली बादली विसळली, पालथी न घालता सरळ ठेवली आणि दाराची कडी काढून ठेवली. मला सगळं दिसत होतं. मला हेही माहीत होतं की मेस्त्री त्या वेळी फाटकाशी उभे असतील. मी उठले नाही, अप्पा. मी भीतीने बसले नव्हते, थकले नव्हते, आळसही नव्हता. मला वाटलं, तडकू दे. एकदा सगळ्यांसमोर तडा जाऊ दे, म्हणजे ह्यांना कळेल की मागच्या वेळी कोणी धरलं होतं. मला फक्त तडा हवा होता, त्याच्यापुढचं काही माझ्या मनात आलं नाही. वीस वर्षांच्या मुलीला तेवढंच सुचलं असं मी स्वतःला सांगत आले आहे.

सोमवारी पहाटे मेस्त्री वर चढले तेव्हा पृष्ठभागावर बारीक रेघांचं जाळं पडलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी दोन आठवडे रोज पाणी घातलं, कोणी न सांगता. मग त्यांनी वासे महिनाभर ठेवायचे म्हणून विनंती केली, पण तुमचे बाहेरगावचे पाहुणे ठरले होते, विधीच्या पत्रिका गेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, शुक्रवारी काढा. तरुण संघाची चार मुलं मदतीला आली होती. मी टायपिंगहून परत येत होते, मला फाटकातून दिसलं की मेस्त्री त्या मुलांना हाताने मागे ढकलत आहेत. "तुम्ही लांब. मी काढतो." त्यांनी मलाही बघितलं आणि हाताचा पंजा दाखवून तिथेच थांबवलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला आज बरं झालं असतं. कडेचे वासे निघाले. ते मधल्या वाशाच्या बुंध्याशी वाकले, हातोडीने हळू ठोकून कान देऊन ऐकलं, परत ठोकलं. मग वरून रेती गळाल्यासारखा आवाज आला, आणि त्यांनी मान वर करायच्या आत सगळं खाली आलं. धूळ रस्त्याच्या पलीकडे गेली. कोणीतरी कन्नडमध्ये ओरडत होतं, आणि मी फाटकाला दोन्ही हातांनी धरून उभी होते, जिथे ते दोनदा माझ्यासाठी उभे राहिले होते.

त्या रविवारी समर्पणाचा विधी झाला नाही. तुम्ही पुढे आलात, तुमचा आवाज तसाच होता. तुम्ही छावणीत लपवलेल्या पापाची ती जुनी गोष्ट वाचलीत, एकाने लपवलं आणि सगळ्यांवर आलं ती. मग म्हणालात, आपल्यात कोणी काही लपवलं असेल तर त्याने आता उभं राहावं. तुम्ही एकेका बाकावर नजर फिरवलीत. पहिला बाक, दुसरा, तिसरा. माणसं आपापल्या क्षुल्लक पापांनी रडायला लागली. चौथ्या बाकावर मी होते. तुम्ही नजर तिसऱ्यावरून उचललीत आणि थेट पाचव्यावर ठेवलीत. मी उभी राहणार होते, माझे गुडघे हललेही होते. पण तुम्ही बघितलं असतंत तर. मग तुम्हाला माहीत होतं का, अप्पा? त्या चपला आणल्या तेव्हाच माहीत होतं का? माहीत असून साक्ष दिलीत, की देता देता विसरलात? त्यानंतर तुम्ही ती साक्ष स्वतःच्या तोंडून पुन्हा कधी दिली नाहीत. दुसरे द्यायचे तेव्हा तुम्ही डोळे मिटून बसायचात, आणि लोकांना वाटायचं तुम्ही प्रार्थना करत आहात. रविवारची झोपही गेली तुमची. खुर्चीत बसून राहायचात, दाराकडे तोंड करून, चार वर्षं, जाईपर्यंत. आईने तुम्हाला विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. आपल्या घरात तसं विचारायची पद्धतच नव्हती.

एक गोष्ट तुम्हाला कळलीच नसेल. मेस्त्री गेल्यावर महिन्याभराने त्यांची बायको त्यांचं सामान न्यायला आली, थापी, ओळंबा, एक जुना पंचा. तुम्ही कारखान्यात होता. मी ते सामान तिच्या हातात दिलं. तिने माझ्याकडे निरखून बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, पाणी घालणारी मुलगी ती तूच ना? तो घरी सांगायचा, त्या लोकांत एक शहाणी मुलगी आहे, तिच्या भरवशावर मी ते काम घेतो. मी हो म्हटलं. तिने माझ्या गालावरून हात फिरवून, दृष्ट काढतात तशी आपल्या कानशिलावर बोटं मोडली आणि गेली. त्या दिवशी मी जेवले, अप्पा. पोटभर जेवले, हे मला नीट आठवतं, आणि त्याचा मला अजून राग येतो.

आता मंडळी मोठी झाली आहे. महादेवपुराकडून मोटारी भरून मुलं येतात, आयटीतली, त्यांचं मराठी ऐकलंत तर तुम्ही कपाळाला हात लावाल. पोर्च पुन्हा कोणी बांधला नाही, तो भिंतीवरचा डाग तेवढा रंगाखालून दिसतो. पण जागा पुरत नाही म्हणून जुन्या छतावर दुसरा मजला चढवायचा ठरला. जुन्या छतावर म्हणजे माझ्या. त्याच्या खाली आता रविवारी छोट्या मुलांचा वर्ग भरतो. भरणं शनिवारी, आणि रविवारी काम बंद. मी चिटणीस मुलाला विचारलं की अरे, निदान पाण्याला कोणी आहे का. तो हसून म्हणाला, "आंटी, संडेला नो वर्क. तुमच्या अप्पांचीच पॉलिसी आहे ना?" त्याला काही सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मग दुसऱ्या कोणीतरी त्याला हाक मारली.

स्लॅब काल भरला. आज रविवार आहे. मी उपासनेला गेले नाही, गुडघ्यांचं कारण सांगितलं, आणि सकाळपासून रविवार असून तुम्हाला हे लिहीत बसले आहे. दीड वाजलाय, ऊन तसंच आहे. बादली मी मोरीतून आणून दाराशी ठेवली आहे, पण ती शिडी मला आता चढवणार नाही हे मला ठेवतानाच माहीत होतं. फोन शेजारीच आहे. त्या मुलाचा नंबर त्यात आहे, उचलला तर दहा मिनिटांत दहा तरुण मुलं बादल्या घेऊन वर जातील, त्यांना फक्त एक वाक्य सांगावं लागेल. ते वाक्य मी या कागदावर लिहिलं, मेस्त्रींनी 'खरं सांग' म्हटल्यानंतर एकतीस वर्षांनी, आणि हा कागद तुमच्या शास्त्रात त्या प्रवेशपत्राजवळ जाईल. साहेबांची दोन पानं मी परवाच देऊन टाकली. तुमची साक्ष त्यात तुमच्याच शब्दांत आहे, माणसाच्या हाताने एक थेंबही पाणी न पडता. खाली माझी सही आहे.